वसंता आग्रेचा फणस आणि वरचं कोर्ट

मंडळी, एक सांगा — माणूस दुखावला, की त्यानं आधी कुणाचं दार ठोठावावं? देवाचं? वकिलाचं? थांबा, घाई नको. आधी ऐका, मग बोला!

कोकणात दोन भाऊ. थोरला गंगाराम आग्रे, धाकटा वसंता. चुली वेगळ्या, अंगण एक, आणि अंगणात फणस. घरची रीत अशी — वर्षाचा पहिला फणस थोरल्यानं फोडायचा नि पहिला गरा धाकट्याच्या हातावर ठेवायचा. यंदा फणस फुटला, वास घरभर आला — गरा काही आला नाही! वसंता विचारायला गेला? छे! फुगून बसला. पंधरा दिवस फुगला, मग एस्टी पकडून थेट लेले वकिलांकडे!

"दावा टाकायचाय! झाड माझं! आणि टाकायचा तो हायकोर्टातच!"

वकील म्हणाले, "अहो, कोर्ट किमतीवर ठरतं. खालच्या कोर्टाला अधिकार असेल तर दावा खालीच टाकायचा. झाडाची किंमत काय?"

"कोटभर लिहा!"

"लिहितो. त्यावर कोर्ट फी भरा, आणि मजकूर खरा आहे म्हणून शपथेवर सही करा."

वसंतानं पुढे केलेला हात मागे घेतला! — हसू नका पुढच्या रांगेतले, तुमच्या सह्या मला ठाऊक आहेत!

"बरं, दाव्याचं कारण काय? कधी घडलं?"

आता आली पंचाईत! वसंता मान खाली घालून पुटपुटला, "दादानं... यंदा गरा दिला नाही." आणि मंडळी, पन्नाशीच्या गड्याचे डोळे भरले हो!

वकिलांनी चष्मा पुसला. "मग आधी दादाला नोटीस देऊ. पंधरा दिवसांत उत्तर मागू."

टपालाचा धीर कुणाला? वसंतानं नोटीस स्वतःच नेली, अंगण ओलांडलं, दादाच्या हातात कोंबली. दादानं वाचली — आणि कडाडला, "अरे मेल्या, त्या दिवशी तुला जुलाब लागले होते! गरा देऊन मारू तुला? पंधरा दिवस कशाला, उत्तर आत्ताच घे. अगं, तो डबा आण!"

वहिनीनं डबा उघडला. आत वाळवलेली फणसपोळी. झाकणावर चिकटवलेला कागद — 'वसंताची. कुणी हात लावू नये.'

आता तुमचं बोला! रोज इथं देवळात घंटा बडवता — "देवा, जावेकडे बघ! देवा, शेजाऱ्याला बघून घे!" अहो, सगळ्यात वरच्या कोर्टात दावा! पण ज्याच्यावर दावा, त्याच्या दारात एकदा तरी गेलात? लांब कशाला, तुमचा प्रतिवादी इथंच बसलाय, खांबाला टेकून. मी बघत नाही तिकडे. आरती होईपर्यंत जरा सरकून बसा त्याच्याजवळ — आणि विचारा!