जरासा गोठलेला रेग्युलेटर

कोर्बिनियान आज ऑस्ट्रियातल्या आटर्झे तळ्यात बुडून मेला नाही. मुळात बुडण्यासारखं काही घडलंच नव्हतं, असं तो डायव्हिंगच्या दुकानात हवेचे सिलिंडर भरायच्या रांगेत माझ्यापुढे उभा राहून, दात वाजवत, थोरल्या बहिणीला पटवत होता.

"श्वास घ्यायचा रेग्युलेटर जरासा गोठला, एवढंच, ताई."

"जरासा? सिलिंडरमधली सगळी हवा त्यातून बुडबुडे होऊन निघून गेली. माझ्या हवेवर वर आलास."

"मी मागितली नव्हती."

"मागितली कुठे, माझ्या तोंडातून ओढून घेतलीस. काठावरच्या थंडीत त्यातून श्वास घेऊ नकोस, वाफ आत गोठते, असं बजावलं होतं ना?"

"चालतो का ते बघत होतो. चालत होता."

"आणि आईला काय सांगू?"

"तळ स्वच्छ होता म्हणावं. ताई, रडतेस काय?"

"मास्कमधलं पाणी आहे."

"मास्क तुझ्या हातात आहे."

"गप्प बस. पुढच्या वेळी माझ्या हाताला लागशील एवढ्याच अंतरावर पोहायचं."

"म्हणजे पुढची वेळ आहे?"

तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काही तक्रार?"

"तक्रार नाही, विनंती आहे," कोर्बिनियान म्हणाला. " खोल पाण्याचं तापमान चार अंशांवरून किमान वीसवर आणावं आणि तसं तळ्याने आम्हाला लेखी कळवावं."