सोमवारी खोली उघडायची आहे

जामसंड्यातल्या माझ्या माणसांनो, कामंधामं टाकून तुम्ही सगळे आज इथे आलात. आणि दोन शब्द बोल म्हणून मला उभं केलंत. मी स्पीच थेरपिस्ट. लोकांना बोलतं करणं हे माझं काम. पण आज माझ्याच तोंडाला कोरड पडली आहे. सांभाळून घ्या.

शालिनीताई गेल्या. बाजारामागच्या त्यांच्या खोलीत कितीजण बोलायला लागले! अडखळत बोलणारी पोरं, पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेलेली मोठी माणसं. शाळेत असताना मी तिथे जाऊन बसायचे. तिथेच ठरवलं, आपण हेच शिकायचं. शिकून परत आले तेव्हा ताई म्हणाल्या, "भिया वाटता मां तुका? बरां झालां. माका अजून वाटता. ज्याका वाटणा नाय, तो दुसऱ्याच्या तोंडातलो शब्द ओढून काढता."

भीती वाटते ते बरं कसं, म्हणून तेव्हा मी हसले होते. आज हसू येत नाही.

कारण झटका ताईंनाच आला. वाचा गेली ती ताईंचीच. आणि उपचार करणार कोण? मी! घरचे घाईघाईने विचारत, "पाणी होयां? उशी वर करू?" ताई डोळे मिटून घेत. मग त्यांनीच शिकवलेलं आठवलं, वाचा गेली तरी वर्षानुवर्षं पाठ असलेलं तोंडात आधी येतं. त्यांचे भाऊ बाबलदादा देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि ताई लहानपणापासून त्याला साथ देत आलेल्या. मी म्हटलं, दादा, इथे घाला. दादांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा..." आणि खाटेवरून आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

सगळं घर रडलं. दादा म्हणाले, "इली गो, वाचा इली!"

ताई मात्र माझ्याकडे बघत होत्या. घाबरून बघत होत्या. पाठ असलेलं आलं म्हणजे बोलणं आलं असं नसतं, हे त्या घरात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. पुढे मी रोज समोर बसायचे. त्या ओठ हलवायच्या. मी थांबायचे. काय सांगायचं होतं त्यांना? नाही कळलं. दुसरा झटका आला आणि सगळं संपलं. माझ्या जागी ताई असत्या तर? हा विचार मला सोडत नाही.

तुम्ही विचारता, खोली बंद होणार काय? तुला मुंबईत नोकरी मिळाली म्हणे. मिळाली आहे. तिथे चुकले तर सावरायला कोणी मोठं असेल. इथे कोण आहे?

भालूकाका, तुम्ही मागे बसला आहात. ताईंकडचे तुमचे उपचार अर्ध्यावर राहिले. सोमवारी सकाळी या. मी खोली उघडते. मला भीती वाटत असेल. तुम्हालाही वाटेल. तरी या. आणि काकी, त्यांचा शब्द अडला तर तुम्ही तो पुरा करू नका. मीही करणार नाही.

आता आपण उभे राहूया. ताईंनी कधी कुणाला घाई केली नाही. कोणी घड्याळ बघू नका. गप्प राहूया.

ताई, नमस्कार करते.