निर्मलाताईंचा खरा भाव

मंडळी, आज मलकापुरातली दुकानं बंद ठेवून तुम्ही या शोकसभेला आलात. निर्मलाताईंचे यजमान वसंतराव समोर बसले आहेत, शेजारी मुलगी आहे. त्यांच्याकडे पाहून बोलणं मला जड जातंय. नुसतं दुःखानं नाही. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, म्हणून.

ताई आणि मी एकाच खात्यात, एकाच कामावर. वर्षभरात देशात महागाई किती वाढली, तो आकडा तुम्ही टीव्हीवर ऐकता ना? तो आमच्यासारख्यांच्या पायपिटीतून निघतो. दर महिन्याला त्याच दुकानात जायचं, त्याच वस्तूचा भाव विचारायचा, लिहून वर पाठवायचा. देशभरातले असे भाव एकत्र करून मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहतात. इथला अर्धा बाजार ताईंकडे, अर्धा माझ्याकडे.

आणि मंडळी, मी ताईंवर जळत होतो.

मला दुकानदार म्हणायचे, "मंग या, आता गिऱ्हाईक हाय." ताईंना स्टूल पुसून द्यायचे. एकदा एका साबणापुढे मी लिहिलं, भाव मागच्याइतकाच. ताईंनी तोच साबण हातात घेऊन पाहिला. किंमत तीच, पण वडी लहान झाली होती. त्यांनी वजन लिहिलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दिगंबरराव, महागाई तुमच्या डोळ्यांसमोरून गेली. ताईंना दिसली." त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही. काऊन? दुसऱ्याचं चोख काम आपल्याला का बोचावं?

मग मी अर्ज केला. निनावी. 'निर्मलाबाई घरी बसून भाव भरतात.'

होय वसंतराव. तो अर्ज माझा होता.

तपासणीला वरून साहेब आले. ताईंना आणि मलाही सोबत घेतलं. शिंपी मास्तरांना त्यांनी ब्लाऊजची शिलाई विचारली. मास्तरांनी ताईंच्या कागदापेक्षा बरीच कमी सांगितली. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या! ताई मात्र शांत. म्हणाल्या, "मास्तर, हे टॅक्सवाले नाहीत. भ्याचं काम नाही. गिऱ्हाईकाले सांगता तोच भाव सांगा. तुमी कमी सांगसान तं महागाई कमी दिसन, अन् तिच्यावर ज्याचा भत्ता ठरते त्याच्या ताटातलं जाईन."

मास्तरांनी मान खाली घातली आणि खरा भाव सांगितला. तोच, कागदावरचा. रुपयाचा फरक नाही. मास्तर, तुम्ही मागे बसला आहात. आठवतं ना?

बाहेर आल्यावर साहेब पुढे गेले. ताई मला हळूच म्हणाल्या, "दिगंबरभाऊ, अर्ज लिहाचा तं अक्षर तरी बदलाचं."

बस. एवढंच. पुन्हा कधी विषय नाही. मला वाटायचं, आज ना उद्या ऑफिसात बोलतील, निदान घरी तरी बोलतील. वसंतराव, आत्ता तुमचा चेहरा पाहतोय. त्या घरीही बोलल्या नाहीत.

मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. उलट त्यांच्या मोठ्या मनावरही जळलो. त्या दवाखान्यात होत्या तेव्हा त्यांचा बाजार माझ्याकडे आला. भाव सांगायच्या आधी प्रत्येक दुकानात एकच प्रश्न, "ताई कशा हायत?" मी उत्तर द्यायचो आणि मनात म्हणायचो, माझ्यासाठी असं कोण विचारील? बाई अंथरुणाला खिळलेली, आणि मी तिचा हेवा करतो! आज ही भरलेली सभा पाहूनही करतो. खोटं काऊन बोलू? ताईंच्या फोटोसमोर तर नाहीच.

वसंतराव, पोरी, मी हात जोडतो. माफ करा, असं म्हणायचा मला हक्क नाही.

मंडळी, उभे राहू या. माझी अब्रू राखायला ही बाई इतकी वर्षं गप्प राहिली. आपण तिच्यासाठी दोन मिनिटं गप्प राहू.