परीक्षा न्हाई म्हनं

न्हाई, मी उभीच बरी. खुर्ची तुमच्याजवळच राहू द्या. सकाळधरनं त्या बाकड्यावर बसून बसून पायाला मुंग्या आल्या, अन् आता म्हनताव, 'मावशी, थोडं तुमच्याशी बोलायचंय' — माझ्याशी काय बोलायचंय? पेशंट मी हाय का? पेशंट आत हायत, तुमच्या त्या मदतनीस पोरीसमोर, लाकडाचे ठोकळे जुळवायलेत, एकसष्ट वर्साचं मानूस, बालवाडीतल्या लेकरावानी. त्येंलाच इचारा काय इचारायचं ते. नाव तुमच्या कागदावर हायच — आप्पाराव. सकाळी काउंटरवर माझ्या तोंडून वदवून घेतलं की एकदा, तेवढं पुरं झालं.

अन् ही परीक्षा न्हाई म्हनं. सकाळी काय म्हनलाव तुमी? 'काका, पास-नापास काय नसतंय, जमंल तेवढं सांगा.' मग ते हातात घड्याळ कशाला? ह्ये उत्तर द्यायलेत अन् तुमी सेकंद मोजायलाव. मी उलीसं कानात सांगितलं तर मला दाराबाहेर काढलं — मला, म्याडम, पस्तीस वर्स संसार केलेल्या बाईला, कॉपी करनाऱ्या पोरावानी भाईर! परीक्षा नसती तर कॉपी कसली वो? आन् हे असलं कसलं डॉक्टर — हात लावला न्हाई, नाडी बगितली न्हाई, जीभ दाखवा म्हनलं न्हाई. मेंदूचा फोटो झाला मागल्या महिन्यात, त्यात काय विशेष दिसलं न्हाई म्हनले मोठे डॉक्टर, आन् तरी पाठवलंच तुमच्याकडं. का, तर फोटोत मेंदू दिसतो, त्यो चालतो कसा ते दिसत न्हाई. आता मानूस चालतंय, बोलतंय, जेवतंय, त्याचा मेंदू काय भाड्यानं आनलाय का?

जेवतंय म्हनले, पन आज जेवलं न्हाईच. सांगते ना. परभनीला तपासनी म्हनलं की आमी उपाशीच येतो, रक्त काढायचं असतंय. सकाळची साखरंची गोळीबी दिली न्हाई मी. इथं आल्यावर तुमची ती पोरगी म्हनती, 'पोटभर खाऊन, नेहमीची औषधं घेऊन, नीट झोप घेऊन यायचं असतंय, चष्मा आनायचा असतंय, चिठ्ठीत लिहिलंय.' चिठ्ठी वाचतंय कोन? चिठ्ठीवर तारीख बगायची अन् देवाजवळ ठिवायची. चष्मा राहिला कोनाड्यात. आन् झोपंचं म्हनाल तर — ती मीच मोडली. महिनाभर पहाटं चारला उठवायले मी त्येंला. म्हशीची धार काढता काढता घोकून घेते.

काय घोकून घेते म्हंजे? उत्तरं. आमच्या वाडीत सिद्धोधन सर हायत, रिटायर झालेले, त्येंची झाली ही तपासनी मागल्या वर्सी, दुसऱ्या गावाला. मी गेले त्येंच्याकडं वही घेऊन. सर म्हनले, 'मनकर्णाबाई, ह्याची तयारी करायची नसती, तयारी केली तर बिघाड सापडत न्हाई.' म्हनलं, सर, सापडू नाही म्हनूनच आले. सगळं लिहून घेतलं. घड्याळ काढायला लावतात, शंभरातून सात-सात कमी करायला लावतात, पाच शब्द सांगतात अन् घटकाभरानं पुन्हा इचारतात. सायकल, पेरू, देऊळ, कात्री, निळा. पाठ झाले वो! झोपंतून उठवून इचारलं तरी ह्ये सांगायचे. अन् तुमी आज काढले दुसरेच शब्द. काय ते — मला म्हाईत न्हाई, मी भाईर होते. पन दारातून ऐकू आलं मला. तुमी म्हनलाव, 'काका, मघाचे शब्द सांगा,' अन् ह्येंनी खणखणीत आवाजात सांगितलं — सायकल, पेरू, देऊळ, कात्री, निळा. एकबी चुकला न्हाई! तुमी म्हनलाव, 'छान.' छान कशाला म्हनलाव? खोटं कामून बोलायचं म्हाताऱ्या मानसाशी? आन् आजची तारीख चुकली ते सांगू नका मला. सोमवारची तारीख तुमीच दिली, ती घटवून घेतली, मग तुमचाच फोन आला की म्याडम न्हाईत, बेस्तरवारी या. बेस्तरवारची घटवली मी पुन्हा, पन जुनीच वर आली. चूक कुनाची?

आलो कशाला? हौस न्हाई आली आमाला. शाळंनं चिठ्ठी मागितली, मानूस गाडी चालवायला धड हाय अशी डॉक्टरची; ती मिळंस्तवर गाडी चालूच हाय. ह्येंची सोताची जीप हाय, वाडीतली अन् वाटंवरच्या वस्त्यांवरची चौदा लेकरं बोरीच्या शाळंत न्यायची-आनायची, बारा वर्सं झाली, साधा ओरखडा न्हाई कुनाला. तर त्या एका दिवसाचं धरून बसलेत. देवगाव फाट्याचं. तुमच्या कागदावर लिहिलेलं असंलच, शाळंनं चांगलं रंगवून दिलंय. आता काय झालं — बोरी आली, शाळा आली, अन् गाडी थांबलीच न्हाई. सरळ जिंतूर, जिंतूरच्या पुढं, थेट देवगाव फाटा. आवं, तरनेपनी त्याच रस्त्यावर पॅसेंजरची काळीपिवळी चालवली ह्येंनी, जिंतूर-देवगाव फाटा, रोजच्या चार खेपा. हात लागले त्या वळनाला. बैलबी जुन्या गोठ्याकडं वळतोय की! लेकरांना वाटलं सहल निघाली, गानी म्हनायली लेकरं. फाट्यावर गाडी उभी करून ह्ये खाली उतरले अन् 'जिंतूर, जिंतूर, जिंतूर' म्हनून पॅसेंजरला हाका मारायला लागले. तिथल्या एका हाटेलवाल्यानं बगितलं, गाडीत शाळंची लेकरं, त्यानं शाळंला फोन लावला. बस्स. एवढंच. लेकरं घरी आली, हसत आली, भजी खाऊन आली. आन् त्या दिवशी मला ताप होता म्हनून, न्हाईतर तसं झालंच नसतं —

काय? ताप म्हनले मी. थंडीताप. त्याचं काय? — माझा ताप अन् ह्येंचा रस्ता, काय संबंध? काय न्हाई. बोलता बोलता गेलं तोंडातून.

असं बगू नका माझ्याकडं. बगायलाव काय! बरं. असते मी गाडीत. रोज. पुढच्या सीटवर, ह्येंच्या शेजारी. गुन्हा हाय का? पोरींची सोबत, बाईमानूस असावं म्हनून मीच म्हनले शाळंला. शाळंला लय आवडलं. गॅदरिंगला माझा सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला, हेडमास्तर म्हनले, 'मनकर्णाताईंसारखी माया कुनी करनार न्हाई.' मागल्या दिवाळीपासून असते. न्हाई — त्याच्या आधीपासून. पोळ्यापासून. वळन आलं की मी लेकरांशी बोलते. 'ए राणे, ते बग वडाचं झाड आलं, आता डावीकडं वळलं की तुझ्या मामाची वस्ती!' 'ए पोरांनो, आता शाळा आली, दप्तरं काढा, गाडी थांबनार!' लेकरांना वाटतंय मावशीला बडबडायची खोड हाय. ह्येंना अपमान वाटू नाही म्हनून. मी सरळ सांगितलं असतं, 'अहो, इकडं वळा,' तर काय राहिलं असतं मानसाचं? एकदा मलाच म्हनले, 'तुझ्या बडबडीनं रस्ता लवकर सरतोय गं.' आता त्येंला कळतंय का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. मी इचारलं न्हाई. तुमी इचारताव सगळं, ठोकळे मांडून, घड्याळ लावून; मी इचारलं न्हाई, कारन मला उत्तर ऐकायचं नव्हतं.

मग काय बिघडलं? दोघं मिळून एक डायवर होतो आमी. ह्येंचे हात, माझे डोळे. घरात न्हाई का, ह्येंनी मीठ आनायचं इसरलं तर मी आनते, तसंच. पन शाळंला ते सांगता येत न्हाई, आन् तुमालाबी सांगायचं नव्हतं. तुमी त्या बारक्या आवाजात 'हं, हं' करताव अन् मानूस बोलत जातंय. हे शिकवतात का तुमाला?

दुसरं काय झालं न्हाई. सांगितलं ना. फाटा सोडून काय झालं न्हाई.

— त्या पोरीचं, ज्ञानेश्वरीचं कुनी सांगितलं तुमाला? न्हाई सांगितलं? मग माझ्या तोंडून का आलं तिचं नाव? थांबा. लिहू नका एक मिनिट. तसं काय लागलं न्हाई तिला. पहिलीत हाय ती, एवढीशी. वाडीत सोडली आमी तिला, मी मागचं फाळकं लावायला उतरलेली. तिचं दप्तर पडलं चाकामागं, ती वाकली. मी ओरडले, 'अहो, थांबा!' ह्ये म्हनले, 'हो.' हो म्हनले वो! हो म्हनले अन् गाडी मागं घेतली. मी तिचा दंड धरून वढली. दप्तरावरून चाक गेलं. दप्तरच होतं. दप्तरच होतं निस्तं. ह्येंनी मान काढून इचारलं, 'बसली का सगळी?' अन् मी म्हनले, बसली.

नवं दप्तर घेऊन दिलं मी. अन् तिला सांगितलं, आईनं इचारलं तर सांग, कुत्र्यानं फाडलं. तसंच सांगितलं तिनं आईला. लेकराला खोटं बोलायला मी शिकवलं, सहा वर्साच्या लेकराला, अन् तिच्या आईनं माझ्यासाठी दुसऱ्या दिवशी डब्यात धपाटे पाठवले, मावशीनं दप्तर घेतलं म्हनून. ते धपाटे गिळले मी. आता ती पोरगी गाडीत बसली की गप असती. माझ्या बडबडीलाबी हसत न्हाई.

कामून थांबलाव? लिहा की आता. मघा लय जल्दी चालला होता हात. उद्या? उद्या शाळा हाय, रविवार तर न्हाई. सकाळी सातला लेकरं रस्त्यावर उभी राहत्यात. कोन थांबवनार? मी? मी त्येंच्या हातातून किल्ली काढून घेऊ? त्या मानसानं मला कधी 'अगं' सोडून दुसरं बोललं न्हाई, आन् त्येंला मी सांगू की तुमी आता कामाचे राहिले न्हाईत? तुमी सांगा. शिकलेल्या हाव, पगार मिळतोय तुमाला त्याचा. ठोकळ्यावरून कळलं म्हना, घड्याळाच्या चित्रावरून कळलं म्हना, काय वाट्टंल ते म्हना. माझं नाव घेऊ नका. मनकर्णानं सांगितलं असं त्येंला कळलं ना, तर भांडनार न्हाईत ते, तेच तर हाय. निस्तं एवढंच इचारतील, 'तुला कवापासून म्हाईत होतं?' अन् मी काय सांगू? पोळ्यापासून?

झालं का तुमचं? मिळालं ना पाहिजे ते? मग जावा. दार उघडलं बगा. ह्ये हसायलेत — बरं गेलं वाटतंय त्येंला. माझ्याकडं नका बगू आता. जा म्हनते ना.