चांगला टायर मागे

परळच्या दवाखान्यात एक्स-रेसाठी बसलो होतो. शेजारी साठीतलं एक जोडपं होतं. त्याचा उजवा हात गळ्यात अडकवलेला, तिच्या हातात केसपेपर.

“या वयात डोंगरात सायकल घालायची गरज काय होती?”

“पोराने हौसेने घेतली नि गॅलरीत टांगून ठेवली. गंजत होती.”

“मग लालबागात फिरवायची. येऊरच्या उतारावर कशाला?”

“उताराचं काही नाही गो. पुढचं चाक सटकलं.”

“नवे टायर घातलेत ना परवा?”

“घातले. एक मोठ्या खाचांचा, एक बारीक. दुकानवाला म्हणाला, मोठ्या खाचांचा पुढे लावा, उतारावर माती तोच धरतो. मागे बारीक चालेल, सायकल हलकी पळते.”

“मग?”

“मी मोठा मागे लावून घेतला.”

“का?”

“सवय. गिरणीच्या संपात दादरहून विकायला नारळ आणायचो, तेव्हा कॅरियरवर तू बसायचीस, मांडीवर पोतं. चांगला टायर मागेच लागायचा. पुढे काय, मी एकटाच.”

“आता मागे कोण होतं?”

“कोणी नाही.”

“कॅरियर तरी आहे का तिला?”

“दुकानात विचारलं. या सायकलला बसत नाही म्हणाला.”

“विचारलंत?”

“सहज.”

नर्सने दारातून हाक मारली, “गुणाजी परब, आत या.”

“चला. आणि हात बरा झाला की चांगला टायर पुढे लावा. पुढेही माणूसच बसतो.”