चिमणीची पिपाणी

दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिंप्याने डोळे पेपरात घातले होते, पण कान शेजारच्या सासरे-सुनेकडेच होते.

"बाबा, चिमणी बरी होईपर्यंत तिच्या खोलीत जायचं नाही, असं ठरलं होतं ना?"

"उंबरठासुद्धा ओलांडला नाही गं मी."

"मग नातीचा खोकला आजोबांकडे चालत आला?"

"तिची पिपाणी वाजेना. तिनं खिडकीतून दिली, मी जरा फुंकून पाहिली."

"तिच्या तोंडातली?"

"पुसली होती की धोतराला!"

"धन्य आहे तुमची!"

"रागावू नकोस. आता आम्हा दोघांचं दुखणं एकच ना?"

"एकच. मग?"

"मग टाक की मला तिच्याच खोलीत. एकटी कंटाळलीय गं पोर."

शिंप्याने पेपर आणखी वर धरला. तो हलत होता.