फिटिंग तिच्याच अंगावर

—नाही हो, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे. माणूस बसलं की हळूहळू डावीकडे कलतं आणि मग मला वाटतं यांचा खांदाच तसा आहे, आणि मी शिवतेही तसंच. या इकडे, खुर्चीवर. ती कापडं ढकला बाजूला. आणि तुम्ही कोण ते सांगू नका, मी ओळखलं! दारातून आलात तेव्हाच ओळखलं. चेहऱ्यावरून नाही हो, चेहऱ्यांशी माझं काय काम! खांद्यावरून. उजवा खांदा जरासा उतरता, मान किंचित पुढे, अगदी धाकटीसारखी. तुम्ही ताई. बरोबर ना? आणि मघाशी फोनवरही तुम्हीच होतात. बघा! मी म्हटलं, तुमचं शिवण तयार आहे, कधीही या, तर तिकडून ‘बरं, येते’ — मला वाटलं धाकटीच बोलतेय. आवाजसुद्धा एकाच ताग्यातला तुमचा. ती झोपलीय का दुपारची? झोपू दे, झोपू दे. गोळ्यांनी गुंगी येते तिला. बरं झालं तुम्ही आलात. म्हणजे सांगितलं म्हणायचं तिने तुम्हाला, एकदाचं! सुटले बाई मी. दर खेपेला म्हणायची, या वेळी ताई आली की सांगते. ताई यायची, राहायची, जायची, आणि हिच्या तोंडाला टाका घातलेलाच. मी म्हटलं, अगं, टाके घालायचं काम माझं ना?

थांबा, आणतेच तुमचं पार्सल. एवढं दोरा ओवून होऊ दे — आताशा सुईचं भोक मला हुलकावणी देतं, चष्मा लावला की लांबचं दिसत नाही, काढला की जवळचं, आणि सुई नेमकी दोन्हींच्या मधे कुठेतरी असते. झालं! हे बघा. हातात घ्या, घाबरू नका, काही होत नाही. मऊ आहे ना? आतून सुती, बाहेरूनही सुती, आणि मधल्या पिशवीत वजनाला बारीक मणी. रंग बघा. खास तिच्या अंगाचा काढलाय, चहात बुडवून. हसू नका, खरंच चहात! दुकानात मिळतात ना तयार पॅड, ते सगळे एकाच गुलाबी रंगाचे. मी म्हटलं, असला रंग असतो कुणाचा? भाजलेल्या माणसाचा असेल. आणि वर किंमत अशी की बाई ऐकूनच परत फिरते आणि ब्लाउजच्या आत मोजे कोंबून दिवस काढते. मोजे, हातरुमाल, बाळाची झबली, काय काय नाही पाहिलं मी. चालता चालता सरकतात, मग बाई रस्त्यात हात छातीशी धरून चालते, लोकांना वाटतं नमस्कार करतेय.

माझं? मीही मोजेवालीच हो. लपवायचं काय त्यात. छातीच्या ऑपरेशननंतर घरी पडले होते, तर इथल्या दवाखान्यातली नर्सबाई ड्रेसिंग करायला यायची. तिला आम्ही सगळ्या वादळ म्हणतो — यायची तीच खिडक्या उघडत, पडदे सारत, ‘किती अंधार करून ठेवलाय, तुम्हाला कॅन्सर झालाय की फोटो धुवायचेत’ असं म्हणत. भिंतीवर बोटं चालवायला लावायची, मुंगीसारखी वर वर, हात आखडू नये म्हणून. रोज कालच्यापेक्षा थोडं वर. मी रडायचे, ती हसायची, बोटं मात्र चढायची. आणि एके दिवशी तिने माझा मोजा पाहिला. म्हणाली, तुम्ही शिवणकाम करता ना, मग हे काय ध्यान? झालं! मला आलेला तो राग, ताई! त्या रागाच्या भरात मी पहिला पॅड शिवला. कापूस भरला. धुतला तर त्याचा झाला गोळा, बटाट्यासारखा. मग मोहरी भरली, वजन यावं म्हणून, कारण वजन नसलं की खांदा वर उचलला जातो, पाठ दुखते. मोहरीचा पॅड फक्कड बसला. चार बायकांना शिवून दिले. त्यात एक लायब्ररीतल्या बाई. त्यांनी तो धुतला, नीट वाळवला नाही, तसाच कपाटात ठेवला, आणि मग एक दिवस भर लायब्ररीतून मला फोन, कुजबुजत — ‘अहो, मला कोंब फुटलेत!’

हसा, हसा. मी तर जमिनीवर बसून हसले होते. तेव्हापासून मणी. तेव्हापासून ही खोलीही माझी — खाली माझी मशीन, वर तपासणीची खोली, आणि मागे ती गाडी उभी असते ना पांढरी, ती नर्सबाईंना घेऊन घरोघरी जाते. ज्याला चालवत नाही, ज्याला दोन बस बदलून येणं जमत नाही, त्याच्या घरी. काही म्हणा, ज्यांच्या दारासमोर मोठं हॉस्पिटल आहे ना, त्यांच्या गाठी वाटाण्याएवढ्या असतानाच सापडतात. आणि बस जिथे वळसा घालून परत फिरते, तिथल्या बायकांच्या लिंबाएवढ्या झाल्यावर. गाठ तीच हो. गाठ काय पत्ता विचारून वाढते? पण घर सोडून जायचं कसं, रजा मिळेना, दाखवायचं कुणाला, पुरुष डॉक्टर असला तर काय — असं करता करता होतं लिंबू. म्हणून वादळ तिकडेच जाऊन बसते, ओट्यावर, बायकांच्या गप्पांत. तुमच्या धाकटीचंही तसंच सापडलं, म्हणून तर वेळेवर सापडलं. ऑपरेशननंतर नुसत्या गोळ्यांवर भागलं, केस वाचले.

काय झालं? पाणी देऊ? नको? तुम्ही बोलत नाही फारशा. धाकटी म्हणालीच होती, आमची ताई ऐकणारी आहे, मी बोलणारी. माझ्यासारखीच ती. फिटिंगला यायची तर आम्ही दोघी एकदम बोलायचो आणि कुणीच ऐकायचं नाही. काय थट्टा करायची! मी टेप लावली की म्हणायची, ‘बाई, एकच माप घ्यायचंय, शिलाई अर्धीच लावा.’ तिच्या मिस्टरांनाही हसवायची, ते बिचारे दाराशी उभे, पिशवी पोटाशी धरून. गुणी माणूस हो. जखमेतलं पाणी जमतं ना, ती ड्रेनची बाटली रिकामी करायला शिकले, न चुकता करायचे, चेहरा पांढराफटक पडायचा पण करायचे. त्यांनाही शपथ घातली होती तिने. ‘ताईला अवाक्षर नाही!’ मी म्हटलं, अगं पण का? बहीण ना ती तुझी? आणि तेव्हा, ताई, एवढी बोलकी बाई, पहिल्यांदा थट्टा सोडून बोलली.

तिथेच, तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर बसून. मला माहीत आहे सगळं. तुमच्या आईंचं. त्यांनाही हेच होतं ना? आणि तेव्हा घरी यायला ना कुणी वादळ, ना कुणी गाडी, वेदनेवर धड औषधसुद्धा नाही. सगळं तुम्ही केलंत. ऐन उमेदीत नोकरी सोडून. आईंना कुशीवर वळवायचं, जखम धुवायची, चादरी धुवायच्या. आणि धाकटीला खोलीत येऊ द्यायचं नाही. ती म्हणाली, ‘मी दाराबाहेर बसायचे आणि ताई आतून मोठमोठ्याने पाढे म्हणायला लावायची मला. मला वाटायचं, ताई दुष्ट आहे, आई आजारी आहे आणि हिला पाढे सुचतात. खूप नंतर कळलं, मला आईचं कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून होतं ते.’ आणि मग म्हणाली, ‘ताईने एकदा केलंय हे, बाई. परत तिच्यापुढे मी कशी जाऊन पडू?’

अहो — अहो, रडू नका. हा घ्या. नाही, तो नको, त्यात टाचण्या आहेत. हा घ्या. मलाही येतं मग रडू. आता तेच सगळं आठवून काय उपयोग? तिने सांगितलं तुम्हाला, मोकळी झाली, छान झालं. आता तुमचं बघू. आईला झालं, बहिणीला झालं, म्हणजे तुमची तपासणी व्हायलाच हवी. घाबरवत नाही, सगळ्यांना होतंच असं नाही, पण बघायला नको? वरच्या डॉक्टरबाई दर वेळी धाकटीला हेच विचारतात — ताईंना सांगितलंत का, ताई येऊन गेल्या का? आणि ही मान खाली घालते. गेल्या वेळी तर डॉक्टरबाई चिडल्या, म्हणाल्या, तुमच्या गप्प बसण्यापायी त्यांचं लिंबू व्हायला नको. तर मग आलाच आहात, तर आजच जाताय का वर? — कसली म्हणजे? तपासणी हो, छातीची. तेवढ्यासाठीच तर बोलावलं असेल ना तिने तुम्हाला. नाही? मग सहजच आलात? बहिणीकडे चार दिवस राहायला?

पण पार्सल आणायला तिनेच पाठवलं ना?

झोपलीय. हो. म्हणालात तुम्ही मघाशी. ती झोपली होती, फोन वाजला, तुम्ही उचललात. आणि फोनवर आम्ही काय शिवलंय ते कधीच बोलत नाही, नियमच आहे तसा, फोन कोण उचलेल याचा नेम नाही. म्हणजे तुम्हाला वाटलं, असेल एखादा ब्लाउज, ती उठायच्या आत आणून ठेवावा —

अरे देवा.

तुम्हाला काय सांगितलं होतं तिने? ऑपरेशन कशाचं? पित्ताचे खडे. पित्ताचे — आणि मी इथे तासभर — माझी जीभ! मशीनखाली धरली पाहिजे, शपथ! तुम्ही आल्या आल्या विचारायचं सोडून मी खांदे बघत बसले. इतकी वर्षं मापं घेतेय, समोरच्या बाईला माहीत आहे की नाही एवढं एक बघायचं राहिलं. थांबा, उठू नका. बसा. मी बोलत नाही. हं. बसा.

…

बरी आहे ती. देवाशपथ बरी आहे, आता तुम्हाला खोटं कशाला सांगू. आईंसारखं नाहीये हे. वर विचारा, कुणालाही विचारा. जखम भरली, हात पूर्ण वर जातो, परवाच तिने वरच्या फळीवरचा डबा काढून दाखवला मला, उगाचच, नुसतं दाखवायला. दुखतं? दुखतं कधीकधी, थंडीत ओढल्यासारखं होतं. रडते का? तुमच्यासाठी रडली, स्वतःसाठी नाही रडली. आता हे तुम्हाला नको होतं ऐकायला, पण तुम्ही विचारलंत.

काय म्हणालात? नाही, परत सांगा. पार्सल घेऊन जाता, गुपचूप तिच्या कपाटात ठेवता, आणि मी म्हणायचं की मिस्टर येऊन घेऊन गेले. तुम्हाला काही कळलंच नाही असं दाखवायचं, म्हणजे तिला त्रास नको. वा! म्हणजे ती तुमच्यापासून लपवणार, तुम्ही तिच्यापासून लपवणार, दोघी शेजारी शेजारी बसून पित्ताच्या खड्यांवर बोलणार, आणि मी मधे! दोघी सारख्याच हो तुम्ही! अजून दाराआडून पाढेच म्हणताय एकमेकींना. नाही बाई. मला नाही जमायचं. माझ्या बहिणीने मला नाही विचारलं कधी, आता सगळं उघड झालंच आहे म्हणून सांगते — माझ्या मोज्यांच्या दिवसांत ती तीन घरं सोडून राहत होती, तिला सगळं ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे, आणि आम्ही हवेवर बोलायचो. आज गरम आहे, उद्या पाऊस पडेल. मला तिचा हात हवा होता हो. दुसरं काही नको होतं. अजूनही हवा आहे.

द्या ते इकडे. द्या म्हणते ना. पार्सल देणार नाही मी तुमच्याजवळ, फिटिंग झालेलं नाही अजून. झालं होतं ते उसवलं, समजा! फिटिंग तिच्याच अंगावर होणार. जा, उठवा तिला. माझं नाव घ्या, त्या शिवणाऱ्या बाईच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणा, शिव्या मी खाईन. आणि दोघी मिळून या. इथे तिचं फिटिंग होईल तोवर तुम्ही वर जाऊन या, किंवा ती येईल तुमच्याबरोबर वर, हात धरायला. या वेळी तिला दाराबाहेर ठेवू नका.

काय? आणखी काय विचारायचंय? नाही, मी एक शब्द बोलणार नाही आता. माझ्या वाटणीचं सगळं बोलून झालं, वर तुमच्या बहिणीच्या वाटणीचंही. जा. जा हो ताई, उठेल ती.